कैसरचे मोकळेपण आणि त्याची किंमत

फ्रान्झ बेकेनबाउर यांनी कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी जर्मनीला विश्वचषक मिळवून दिला. तरीही त्यांच्या वारशाचा हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही.

जर्मन फुटबॉल महासंघाने 2006 सालच्या विश्वचषकाशी निगडित 67 लाख युरोंच्या एका रकमेबाबत करचुकवेगिरी केल्याचा निष्कर्ष फ्रँकफर्टच्या न्यायालयाने 25 जून 2025 रोजी काढला आणि महासंघाला 1 लाख 10 हजार युरोंचा दंड ठोठावला. या निकालाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच 16 ऑगस्टला स्टुटगार्टमध्ये जर्मन फुटबॉलच्या नव्या मोसमाचा पडदा उघडला. मोसमाच्या प्रारंभी होणाऱ्या सुपर चषकाला त्या वर्षापासून नवे नाव मिळाले होते : फ्रान्झ बेकेनबाउर सुपर चषक. बायर्न म्युनिकने स्टुटगार्टला 2-1 असे हरवून तो जिंकला. न्यायालयापुढील प्रकरणात जे नाव वारंवार घेतले गेले, तेच आता चषकावर कोरले गेले होते.

दंड झालेला महासंघ आणि चषक भरवणारी लीगची संघटना या वेगळ्या संस्था आहेत. बेकेनबाउर या खटल्यात आरोपीही नव्हते. 7 जानेवारी 2024 रोजी वयाच्या 78 व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. तरीही एकाच उन्हाळ्यात घडलेल्या या दोन घटना जर्मनीची जुनी अडचण दाखवून देतात. या देशाला बेकेनबाउर यांचा गौरव टाळता येत नाही आणि त्यांच्याबद्दलचे प्रश्नही मिटवता येत नाहीत. ही अडचण समजून घ्यायची तर 2006 पासून सुरुवात करून भागणार नाही. खेळाडू, प्रशिक्षक आणि संघटक या तिन्ही भूमिकांमधला समान धागा शोधावा लागेल.

गीझिंगमधील पोस्टमनचा मुलगा

11 सप्टेंबर 1945 रोजी, महायुद्ध संपून जेमतेम चार महिने झाले असताना, म्युनिकच्या गीझिंग या कामगारवस्तीत बेकेनबाउर यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. लहानपणी ओढा होता तो शहरातील '1860 म्युनिक' या क्लबकडे. मात्र कुमारांच्या एका सामन्यात त्या क्लबच्या खेळाडूने श्रीमुखात भडकावली आणि त्यांनी बायर्नची वाट धरली, असे सांगितले जाते. त्या काळचा बायर्न म्हणजे आजचा बलाढ्य क्लब नव्हे. 1963 मध्ये बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हा पहिल्या संघांमध्ये बायर्नला स्थानही नव्हते. ते 1965 मध्ये मिळाले. पुढे बेकेनबाउर, गोलरक्षक सेप मायर आणि आघाडीवीर गेर्ड म्युलर या त्रयीने 1974, 1975 आणि 1976 असा सलग तीन वेळा युरोपियन चषक या क्लबला मिळवून दिला.

बेकेनबाउर यांचे मोठेपण केवळ पदकांच्या यादीतून कळणार नाही. 'लिबेरो' हे इटालियन नाव मिळालेला खेळाडू बचावफळीच्या मागे उभा राहणारा अखेरचा पहारेकरी असे. प्रतिस्पर्ध्यांपैकी ठराविक कोणावर त्याला लक्ष ठेवायचे नसे, म्हणून तो 'मुक्त'. पण त्याच्या मुक्ततेचा उपयोग इतरांच्या चुका निस्तरण्यापुरताच होत असे. बेकेनबाउर यांनी या मुक्ततेचा अर्थ पालटला. बचावातून चेंडू घेऊन, मान ताठ ठेवून, ते सरळ प्रतिस्पर्ध्याच्या अर्धात शिरत आणि बुटाच्या बाहेरच्या कडेने दूरवर पास देत. आक्रमणाची सुरुवात सर्वांत मागच्या खेळाडूने करायची, हा विचार पुढे साऱ्या फुटबॉल जगताने स्वीकारला.

या मुक्ततेला एक आधार होता. बेकेनबाउर पुढे गेले की रिकामी झालेली जागा सांभाळण्यासाठी हान्स-गेऑर्ग श्वार्झेनबेक मागे थांबत. बायर्नमध्ये आणि राष्ट्रीय संघातही हा धिप्पाड बचावपटू निमूटपणे ते काम करीत राहिला. 'कैसर', म्हणजे सम्राट, ही पदवी बेकेनबाउर यांना मिळाली. सम्राटाची पाठ राखणाऱ्याचे नाव मात्र जर्मनीबाहेर फारसे कोणाला ठाऊक झाले नाही. बेकेनबाउर यांच्या पुढच्या सबंध वाटचालीत हीच रचना पुन्हा पुन्हा दिसते.

1974 च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीला हॅम्बर्ग येथे पूर्व जर्मनीकडून 0-1 अशी मानहानी पत्करावी लागली. त्यानंतर कर्णधार बेकेनबाउर यांचा शब्द वजनदार ठरू लागला. प्रशिक्षक हेल्मुट शोन खचले होते. संघरचना बदलली गेली, राइनर बोनहोफसारखे खेळाडू आत आले आणि 7 जुलै रोजी म्युनिकमध्ये योहान क्रायफच्या हॉलंडला 2-1 असे नमवून यजमान विश्वविजेते झाले. म्युलरचा निर्णायक गोल बोनहोफच्याच पासवर झाला. प्रशिक्षक म्हणून बेकेनबाउर यांचे पहिले काम त्या उन्हाळ्यातच झाले, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

परवान्याविना प्रशिक्षक

1977 मध्ये करखात्याशी झालेले वाद आणि खासगी आयुष्याची वर्तमानपत्रांतून होणारी चर्चा यांना कंटाळून ते न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडे गेले. तेथे पेलेंसोबत खेळले, परत येऊन 1982 मध्ये हॅम्बर्गबरोबर बुंडेसलीगा जिंकली आणि नंतर वर्तमानपत्रात स्तंभलेखन करू लागले. 1984 च्या युरोपियन स्पर्धेत पश्चिम जर्मनीचे आव्हान साखळीतच आटोपले. प्रशिक्षक युप डेरवाल पायउतार झाले आणि देशाने कैसरला साकडे घातले.

अडचण एकच होती. बेकेनबाउर यांच्याकडे प्रशिक्षकाचा परवानाच नव्हता. जर्मनीत प्रशिक्षकांचे शिक्षण ही गंभीर बाब मानली जाते. अभ्यासक्रम आणि परीक्षा पूर्ण केल्याखेरीज वरच्या दर्जाच्या संघाची सूत्रे कोणाच्या हाती दिली जात नाहीत. तेव्हा महासंघाने एक पळवाट काढली. बेकेनबाउर यांना 'प्रशिक्षक' न म्हणता 'टीमशेफ', म्हणजे संघप्रमुख, म्हणायचे आणि परवानाधारक होर्स्ट क्योपेल यांना त्यांच्या दिमतीला द्यायचे. पुढे ही जबाबदारी होल्गर ओझिएक यांच्याकडे आली. मैदानावर श्वार्झेनबेक जे करीत, तेच येथे परवानाधारक सहायकांनी केले. या पळवाटेत तेव्हा कोणाला काही गैर वाटले नाही, कारण नियम वाकवला गेला तो कैसरसाठी.

सुरुवात अडखळतच झाली. 12 सप्टेंबर 1984 रोजी, म्हणजे 39 व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, ड्युसेलडॉर्फमधील पहिल्या सामन्यात अर्जेंटिनाने त्यांच्या संघाला 3-1 असे हरवले. ऑक्टोबर 1985 मध्ये स्टुटगार्टला पोर्तुगालकडून पराभव झाला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील तो जर्मनीचा पहिलाच पराभव होता. 1986 च्या मेक्सिको स्पर्धेत तर संघप्रमुखांचा संयम अनेकदा सुटला. पत्रकारांशी खटके उडाले आणि राखीव गोलरक्षक उली श्टाइन याला स्पर्धा चालू असतानाच मायदेशी धाडण्यात आले. तरुणपणी सूपच्या जाहिरातीत झळकलेल्या बेकेनबाउर यांची 'सूपवाला' अशा अर्थाच्या शब्दाने टवाळी करणे त्याला भोवले.

तरीही हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. अॅझ्टेका मैदानावर 0-2 अशा पिछाडीवरून जर्मनांनी बरोबरी साधली. पण मॅराडोनाच्या एका पासवर बुरुचागाने केलेल्या गोलने अर्जेंटिनाला 3-2 असा विजय मिळवून दिला.

वीस वर्षांनी उमगलेला धडा

त्या अंतिम सामन्यातील एक निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. मॅराडोनाला रोखण्याचे काम बेकेनबाउर यांनी लोथार मॅथेउसवर सोपवले होते. 25 वर्षांचा मॅथेउस हा त्यांच्या मध्यफळीचा खरा चालक. तोच पहाऱ्याला जुंपला गेल्याने मॅराडोनाला काहीसा वेसण बसला. मात्र जर्मनीच्या आक्रमणाचा उगमही आटला.

आश्चर्य असे की हाच अनुभव बेकेनबाउर यांनी स्वतः घेतला होता. 1966 च्या वेम्बली येथील अंतिम सामन्यात 20 वर्षांच्या बेकेनबाउर यांच्यावर इंग्लंडच्या बॉबी चार्ल्टनचा पहारा सोपवला गेला. चार्ल्टनकडेही बेकेनबाउर यांना रोखण्याचीच कामगिरी होती. दोघांनी एकमेकांना निष्प्रभ केले, इंग्लंड 4-2 असे जिंकले आणि स्पर्धेत चार गोल करणारा जर्मन तरुण त्या दिवशी झाकोळून गेला. बरोबर वीस वर्षांनी संघप्रमुखाने आपल्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच कोपऱ्यात उभे केले होते.

चार वर्षांनी इटलीत ही चूक पुन्हा झाली नाही. मॅथेउस आता कर्णधार होता. तो, आंद्रेआस ब्रेमे आणि युर्गेन क्लिन्समन मिलानच्या इंटर क्लबकडून खेळत, तर रुडी फोलर आणि थॉमस बेर्थोल्ड रोमाकडून. म्हणजे यजमान देशाची मैदाने आणि तेथील डावपेचांचा फुटबॉल या संघाच्या अंगवळणी पडला होता. सलामीलाच युगोस्लाव्हियाचा 4-1 असा धुव्वा उडाला. त्यात मॅथेउसचे दोन गोल होते. पुढच्या टप्प्यावर हॉलंडला 2-1 असे हरवून 1988 मध्ये मायदेशी युरोपियन स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत झालेल्या पराभवाची परतफेड झाली. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध 1-0 असे जिंकूनही संघाच्या ढिलाईवर बेकेनबाउर संतापले. इंग्लंडविरुद्धचा उपान्त्य सामना मात्र 1-1 अशा बरोबरीनंतर पेनल्टीवरच सुटला.

8 जुलै 1990 रोजी रोममध्ये समोर पुन्हा अर्जेंटिना आणि पुन्हा मॅराडोना होता. यावेळी पहाऱ्याचे काम गिडो बुखवाल्ड या बचावपटूकडे देण्यात आले आणि मॅथेउस मोकळा राहिला. सामना नीरस झाला, पंचांचे निर्णय वादग्रस्त ठरले, अर्जेंटिनाच्या दोघांना बाहेर काढण्यात आले आणि 85 व्या मिनिटाला ब्रेमेच्या पेनल्टीने निकाल लागला. एरवी पेनल्टी घेणाऱ्या मॅथेउसने बूट बदलावा लागल्यामुळे ती जबाबदारी ब्रेमेवर सोपवली होती. फुटबॉलच्या सौंदर्यशास्त्रात या सामन्याला स्थान नसले, तरी प्रशिक्षकाच्या परिपक्वतेचा तो पुरावा आहे. 1986 मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या धास्तीने आखलेली योजना होती. 1990 मध्ये स्वतःच्या सर्वोत्तम खेळाडूला मोकळे ठेवण्याची.

विजयानंतर खेळाडू जल्लोषात बुडाले असताना बेकेनबाउर, गळ्यात पदक आणि हात खिशात अशा अवस्थेत, मैदानाच्या मध्यभागी एकटेच फिरत होते. दूरदर्शनवर ती स्पर्धा पाहिलेल्या आपल्याकडील पिढीलाही ते दृश्य आठवत असेल. ब्राझीलचे मारिओ झगालो यांच्यानंतर खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकणारे ते दुसरे, आणि कर्णधार व प्रशिक्षक म्हणून जिंकणारे पहिले. फ्रान्सचे दिदिए देशाँ यांनी ही बरोबरी केली ती 2018 मध्ये.

शब्द सहज, ओझे दुसऱ्यावर

त्याच रात्रीच्या उत्साहात बेकेनबाउर यांनी एक भाकीत केले. पूर्व जर्मनीचे खेळाडू येऊन मिळाल्यावर हा संघ पुढची कित्येक वर्षे अजिंक्य राहील, असे ते म्हणाले. 3 ऑक्टोबर 1990 रोजी देश एक झाला. संघ मात्र अजिंक्य राहिला नाही. 1992 च्या युरोपियन अंतिम सामन्यात डेन्मार्कने आणि 1994 च्या विश्वचषकात बल्गेरियाने त्याला पराभूत केले. बेकेनबाउर तोवर पदावरून दूर झाले होते. त्या वाक्याचे ओझे वाहिले ते त्यांचे उत्तराधिकारी बेर्टी फोग्ट्स यांनी. बोलून मोकळे व्हायचे आणि परिणाम इतरांनी निस्तरायचे, ही कैसरची सवय पुढेही कायम राहिली. जर्मनीला तिचे कौतुकच वाटे.

क्लबचा प्रशिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द त्रोटक आहे. 1990 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय क्लबची सूत्रे त्यांनी अवघे काही महिने सांभाळली. बायर्नला मात्र ते दोनदा हंगामाच्या मध्यावर धावून आले. 1994 मध्ये बुंडेसलीगा मिळवली, 1996 मध्ये युएफा चषक. दैनंदिन सराव आणि दीर्घकालीन बांधणी यांत त्यांना रस नव्हता. संकटाच्या वेळी नुसत्या उपस्थितीने संघाला उभारी देणे, ही त्यांची शक्ती होती. 1994 पासून 2009 पर्यंत ते बायर्नचे अध्यक्ष होते. मार्च 2001 मध्ये लिओं येथे 0-3 असा पराभव झाल्यावर रात्रीच्या भोजनसमारंभात त्यांनी साऱ्या संघाची जाहीर खरडपट्टी काढली. त्याच वर्षी मे महिन्यात बायर्नने चॅम्पियन्स लीग जिंकली.

कोणाचा पहारा नव्हता तेव्हा

तिसरी भूमिका संघटकाची. 6 जुलै 2000 रोजी झ्युरिकमध्ये जर्मनीने दक्षिण आफ्रिकेला 12 विरुद्ध 11 मतांनी मागे टाकून 2006 चे यजमानपद मिळवले. न्यूझीलंडचे चार्ल्स डेम्प्सी यांनी अखेरच्या फेरीत मतदानच केले नाही. बेकेनबाउर या मोहिमेचा चेहरा होते. स्पर्धेपूर्वी ते पात्र ठरलेल्या प्रत्येक देशात गेले आणि स्पर्धेच्या काळात हेलिकॉप्टरने एका मैदानावरून दुसऱ्यावर उतरत राहिले. जर्मन माणसाने संकोच न बाळगता आपला ध्वज फडकावला, अशी त्या उन्हाळ्याची आठवण आजही सांगितली जाते.

ऑक्टोबर 2015 मध्ये 'डेर श्पिगेल' या साप्ताहिकाने या आठवणीला तडा दिला. 2002 मध्ये आदिदासचे माजी प्रमुख रॉबर्ट लुई-ड्रेफ्यूस यांच्याकडून आलेले 1 कोटी स्विस फ्रँक अखेर कतारमध्ये, फिफाचे तत्कालीन पदाधिकारी मोहम्मद बिन हम्माम यांच्या कंपनीकडे पोहोचले होते. 2005 मध्ये जर्मन महासंघाने 67 लाख युरो फिफामार्फत लुई-ड्रेफ्यूस यांना परत केले आणि हिशेबात तो खर्च एका सांस्कृतिक सोहळ्यावरचा असल्याचे दाखवले. तो सोहळा कधी झालाच नाही. जूनच्या निकालाचा विषय नेमका हाच : खोट्या कारणाने दाखवलेला खर्च आणि त्यामुळे बुडालेला कर. महासंघाचे अध्यक्ष वोल्फगांग निर्सबाख यांना नोव्हेंबर 2015 मध्येच पद सोडावे लागले होते.

ते पैसे कशासाठी दिले गेले? महासंघानेच नेमलेल्या विधिज्ञांच्या 2016 च्या अहवालानुसार मते विकत घेतल्याचा पुरावा सापडला नाही. तशी शक्यता मात्र नाकारता आली नाही. मतदानाच्या चार दिवस आधी फिफाचे तत्कालीन उपाध्यक्ष जॅक वॉर्नर यांना विविध लाभ देऊ करणाऱ्या कराराच्या मसुद्यावर बेकेनबाउर यांची सही होती, हेही उघड झाले. विनामोबदला म्हणून गौरवलेल्या संघटकपदाच्या काळात एका पुरस्कर्त्याकडून त्यांना 55 लाख युरो मिळाल्याची माहिती 2016 मध्ये बाहेर आली. बेकेनबाउर यांनी चूक झाल्याचे मान्य केले, लाचखोरीचा आरोप फेटाळला आणि विश्वासापोटी आपण कागदांवर न वाचताच सह्या करीत असू, असा खुलासा केला.

हा खुलासा अनेकांना हास्यास्पद वाटला. त्यांची आधीची वाटचाल पाहिली तर तो अगदीच अविश्वसनीय ठरत नाही. कित्येक वर्षे त्यांचे सारे व्यवहार व्यवस्थापक रॉबर्ट श्वान पाहत असत. ते 2002 मध्ये वारले. पण खुलासा खरा मानला, तरी त्याने सुटका होत नाही. मैदानावर श्वार्झेनबेकच्या भरवशावर पुढे जाणाऱ्याचा प्रत्येक पाऊल हजारो प्रेक्षक पाहत असतात आणि निकाल नव्वद मिनिटांत लागतो. संघप्रमुखाच्या निर्णयाची परीक्षाही पुढच्या सामन्यात होते. म्हणूनच 1986 ची चूक 1990 मध्ये दुरुस्त झाली. बंद दाराआडच्या कारभारात असा निकालफलक नसतो. तेथे विश्वासाने केलेली सही पंधरा वर्षांनी उत्तर मागते आणि तोवर दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.

स्वित्झर्लंडमधील फौजदारी कारवाईतून बेकेनबाउर यांचे प्रकरण प्रकृतीच्या कारणास्तव वेगळे काढण्यात आले. इतरांवरील खटला कोरोनाच्या साथीत रखडला आणि एप्रिल 2020 मध्ये कालबाह्य झाला. फिफाच्या नीतिसमितीनेही 2021 मध्ये मुदत टळल्याचे कारण देत फाइल बंद केली. ते दोषी ठरले नाहीत. निर्दोष असल्याचाही निर्वाळा मिळाला नाही. 2015 मध्ये पुत्र स्टेफान यांचा मृत्यू आणि त्यानंतर ढासळलेली प्रकृती यांमुळे अखेरची वर्षे त्यांनी साल्झबर्गमध्ये लोकांपासून दूर काढली.

जर्मनीपुढील प्रश्न म्हणूनच एका व्यक्तीचा नाही. परवान्याचा नियम वाकवला, तेव्हा विश्वचषक मिळाला आणि कोणी जाब विचारला नाही. त्या यशातून एक समज रुजला, की या माणसाला नियम लागू करण्याची आवश्यकता नाही. पुढे याच समजापोटी कोट्यवधींच्या व्यवहारात कोणी प्रश्न विचारला नाही. अपवाद बेकेनबाउर यांनी एकट्याने निर्माण केला नव्हता. महासंघाने, वृत्तपत्रांनी आणि चाहत्यांनी तो आनंदाने बहाल केला होता. दंड महासंघाला झाला, यात त्या अर्थाने एक न्याय आहे.

सुपर चषकावर बेकेनबाउर यांचे नाव असण्यात अनुचित काही नाही. बचावपटूला आक्रमक करणारा खेळाडू आणि स्वतःच्या चुकीतून शिकून विश्वविजेता ठरलेला प्रशिक्षक त्या सन्मानाला पात्रच आहे. मात्र दरवर्षी हा चषक उंचावला जाईल, तेव्हा जूनमधील तो निकालही स्मरणात ठेवावा लागेल. थोर खेळाडूच्या हाती कारभार सोपवताना त्याच्या पाठीशी विश्वासू माणूस उभा करणे पुरेसे नसते. त्याचे कागद वाचणारा आणि वेळप्रसंगी त्याला नकार देणारा कोणीतरी असावा लागतो. तसा कोणी बेकेनबाउर यांना अखेरपर्यंत मिळाला नाही.